मत्तय २३:२३ : दशमांश आणि न्याय, दया, विश्वासूपणा

प्रश्न : चर्चच्या उपासना-वर्षातील सामान्य काळाच्या (सणांच्या काळांबाहेरच्या दिवसांच्या) एकविसाव्या आठवड्याच्या मंगळवारी मिस्सामध्ये, म्हणजे कॅथलिक उपासनेत, बायबलमधील मत्तयच्या शुभवर्तमानाचा २३:२३-२६ हा उतारा वाचला जातो. पुदिना, शेपू व जिरे यांचाही दशमांश (देवाला द्यायचा दहावा हिस्सा) देणारे शास्त्री आणि परूशी (नियमशास्त्र शिकवणारे आणि ते काटेकोर पाळणारे यहुदी) न्याय, दया व विश्वासूपणा यांकडे पाठ फिरवतात, असे येशू तेथे सुनावतो. मग असे बारीकसारीक नियम त्याला निरर्थक वाटत होते, असे समजावे का?

उत्तर १ : मला तसे वाटत नाही, कारण त्याच वचनाच्या अखेरीस या मुख्य गोष्टी करायच्या आणि दशमांशासारख्या त्या गोष्टीही सोडायच्या नाहीत, असे तो स्पष्ट सांगतो. परसातल्या शेपूची जुडी मोजण्यात दोष नाही. ती मोजून झाली की आपले कर्तव्य संपले, असे मानून हात झटकण्यात आहे.

उत्तर २ : पुढचे वचनही पाहावे. चिलट अशुद्ध म्हणून पेय गाळून घ्यायचे आणि उंट मात्र गिळायचा. बायबलच्या लेवीय या पुस्तकाच्या ११व्या अध्यायाप्रमाणे उंटही अशुद्धच! हा उघड विनोद आहे, पण मिस्सामध्ये त्यावर हसलेले कोणी मी पाहिलेले नाही.

उत्तर ३ : सोबत मीखा या संदेष्ट्याच्या पुस्तकातील ६:८ (न्यायाने वागावे, दयेची आवड धरावी, देवासोबत नम्रपणे चालावे) वाचण्याची पद्धत चांगली आहे, तरी तेवढ्याने न्याय हा शब्द अधांतरीच राहतो. त्यापेक्षा बायबलमधील अनुवाद या पुस्तकातील २४:१४-१५ घ्यावे : मजूर स्वकीय असो वा परका, त्याची मजुरी त्याच दिवशी, सूर्य मावळण्यापूर्वी द्यावी, कारण तो गरीब असून त्याचे सारे लक्ष तिच्याकडे लागलेले असते. घरकामाच्या बाईंचा पगार आपण किती तारखेला देतो, हा प्रश्न येथूनच निघतो.