देखरेख करणाऱ्या एजंटला एसई-लिनक्सचे कुंपण हवे की नको?

भोसरीकर (धागाकर्ता):
भोसरी एमआयडीसीतील एका कारखान्याचे ६ सर्व्हर आम्ही सांभाळतो. सगळ्यांवर झॅबिक्स या देखरेख-प्रणालीचा एजंट (यंत्रावरचे आकडे गोळा करून देणारा प्रोग्राम) चालतो आणि एसई-लिनक्स (कोणत्या प्रोग्रामने कशाला हात लावायचा हे ठरवणारी लिनक्समधली सुरक्षा-व्यवस्था) एनफोर्सिंगमध्ये, म्हणजे नियमाबाहेरचे काम अडवण्याच्या स्थितीत आहे. यूपीएसच्या बॅटरीची टक्केवारी काढणारी एक छोटी शेल स्क्रिप्ट आमच्या सहकाऱ्याने रूटच्या होम डिरेक्टरीत लिहिली, हाताने चालवून पाहिली, आकडा बरोबर आला, म्हणून एमव्ही (फाइल हलवण्याची आज्ञा) करून ती यूएसआर-लोकल-बिनमध्ये हलवली. दुसऱ्या दिवशी गुरुवार, म्हणजे आपल्याकडचा वीज-देखभालीचा वार. वीज गेली, बॅटरी उतरत गेली आणि आमच्या फोनवर एकही इशारा आला नाही.

कारण ऑडिट लॉगच्या (एसई-लिनक्सचे नकार नोंदणाऱ्या फाइलच्या) एका ओळीत होते. एमव्हीने हलवलेली फाइल आपले जुने लेबल (एसई-लिनक्सची फाइलवरची खूण) बरोबर घेऊन जाते. स्क्रिप्टवर अजूनही 'ॲडमिन_होम_टी' हे रूटच्या घराचे लेबल होते आणि 'झॅबिक्स_एजंट_टी' या डोमेनला (एजंट ज्या कुंपणात चालतो त्याला) तसल्या फाइली चालवण्याची मुभा नाही. आपण टर्मिनलवरून चालवतो तेव्हा 'अनकन्फाइन्ड_टी'मध्ये, म्हणजे कुंपणाबाहेर असतो, त्यामुळे तिथे काहीच अडत नाही. रिस्टोरकॉन (जागेप्रमाणे योग्य लेबल लावणारी आज्ञा) एकदा चालवल्यावर लेबल 'बिन_टी' झाले आणि आकडे येऊ लागले.

आता कार्यालयात मागणी अशी आहे, की एजंटचे डोमेन कायमचे पर्मिसिव्ह (नकार फक्त नोंदवायचा, अडवायचे नाही) करून टाकावे. मला ते मान्य नाही. हा एजंट प्रत्येक यंत्रावर असतो, १०५० नव्हे तर १००५० या पोर्टवर ऐकत बसतो (हा आकडा आमच्याकडे एकदा फायरवॉलमध्ये चुकला होता, म्हणून मुद्दाम लिहिले) आणि आपण लिहिलेल्या स्क्रिप्टा बाहेरून विचारणा होताच चालवतो. कुंपण घालायचेच, तर ते आधी यालाच घालायला हवे.

रात्रपाळी:
सहमत नाही. आपण चूक शोधून काढलीत, परंतु ती बॅटरी उतरून झाल्यावर. एजंटचे काम पाहणे आहे, आणि ज्याचे काम पाहणे त्याच्याच डोळ्यांवर पट्टी बांधली तर ती कोणाची सुरक्षा? स्क्रिप्टला नकार मिळाला की झॅबिक्समध्ये तो आयटम (मोजला जाणारा आकडा) 'नॉट सपोर्टेड' होतो, त्यावरचा ट्रिगर (इशारा देण्याची अट) 'अननोन'मध्ये जातो आणि घंटा वाजतच नाही. वेब सर्व्हरला नकार मिळाला तर ग्राहक पाच मिनिटांत फोन करतो. इथे फोन करणारा कोणीच नसतो.

शिवाय 'सेमॅनेज पर्मिसिव्ह -ए'ने फक्त तेवढे एक डोमेन मोकळे होते, बाकी यंत्र एनफोर्सिंगमध्येच राहते आणि नकार लॉगमध्ये लिहिलेही जातात. एवढ्यावर समाधान नसेल, तर सिस्टमडीच्या (सेवा सुरू करणाऱ्या प्रोग्रामच्या) युनिट फाइलमध्ये होम आणि सिस्टमच्या डिरेक्टरी जपणारे 'प्रोटेक्टहोम' आणि 'प्रोटेक्टसिस्टम' लिहावे. ते नव्या मुलालाही वाचून कळते.

जुना_प्रशासक:
रेड हॅटने २००५ साली आवृत्ती ४ मध्ये एसई-लिनक्स मुळातच चालू करून दिले, तेव्हापासून मी हा वाद ऐकतो आहे. त्या काळी कोणतीही अडचण आली की पहिला उपाय 'सेटएनफोर्स ०', म्हणजे अख्खे यंत्रच पर्मिसिव्ह करणे, असे. आता त्याची जागा ऑडिटटूअलाऊने (नकारांवरून परवानगीचे नियम बनवणाऱ्या साधनाने) घेतली आहे आणि ते मला जास्त धोक्याचे वाटते. धागाकर्त्यांनी तो नकार त्या साधनात घातला असता, तर एजंटला 'ॲडमिन_होम_टी' लेबलाच्या कोणत्याही फाइली चालवण्याची परवानगी देणारा नियम मिळाला असता. लेबल चुकले होते एका फाइलचे, आणि दार उघडले असते रूटच्या अख्ख्या घराचे.

'डॅक_ओव्हरराइड'चा (फाइलच्या नेहमीच्या परवानग्या ओलांडण्याच्या अधिकाराचा) नकार दिसला की तर हमखास घाई होते. तो बहुतेक वेळा सांगत असतो की फाइलचा मालक किंवा गट चुकला आहे; एजंटला योग्य गटात घातले की नियम लिहावाच लागत नाही.

रात्रपाळी यांच्या सूचनेबद्दल एक सावधगिरी. युनिट फाइलमध्ये कोणी उत्साहाने 'नोन्यूप्रिव्हिलेजेस'ही (सेवेला नवे अधिकार मिळू न देणारी ओळ) लिहिले, तर पॉलिसीत (एसई-लिनक्सच्या नियमसंचात) तशी वेगळी परवानगी नसल्यास डोमेनचे संक्रमणच, म्हणजे सेवेचे स्वतःच्या डोमेनमध्ये जाणेच, अडू शकते. दोन कुंपणे एकमेकांत अडकतात ती अशी.

भोसरीकर:
रात्रपाळी यांचा 'अननोन'चा मुद्दा मला मान्य करावाच लागेल. आमचे नेमके तेच झाले. मात्र त्यावरचा उपाय कुंपण पाडणे हा नाही. आम्ही आता प्रत्येक महत्त्वाच्या आयटमवर 'नोडेटा'चा ट्रिगर लावला आहे, म्हणजे आकडा दहा मिनिटे आला नाही तर तीच तक्रार ठरते. नवी स्क्रिप्ट टर्मिनलवरून चालवून पास करण्याची पद्धतही बंद केली. झॅबिक्स सर्व्हरवरून झॅबिक्स_गेटने (एजंटला थेट विचारणा करणाऱ्या आज्ञेने) विचारायचे. उत्तर एजंटमार्फत येते, त्यामुळे चाचणीही त्याच्याच डोमेनमध्ये होते. सहकाऱ्याने सुडो करून झॅबिक्सच्या नावाने चालवून पाहण्याचा पर्याय सुचवला होता, पण त्याने वापरकर्ता बदलतो, डोमेन बदलत नाही.

रात्रपाळी:
झॅबिक्स_गेटची सूचना चांगली आहे, ती मी घेतो. तरीही लॉगवर एवढा विश्वास ठेवू नका. पॉलिसीत 'डोन्टऑडिट'चे नियम असतात. तिथे नकार मिळतो आणि लॉगमध्ये ओळही उमटत नाही. 'सेमॉड्यूल -डीबी' करून ते नियम काढल्याशिवाय काही दिसत नाही, आणि हे पहाटे तीनला कोणाला आठवते? दुसरे असे, की आपण झॅबिक्सच्या कुंपणावर भांडतो आहोत; पण घरी लिहिलेले डीमन (पार्श्वभूमीत चालणारे प्रोग्राम) यूएसआर-लोकल-बिनमधून सिस्टमडीने सुरू केले, तर ते 'अनकन्फाइन्ड_सर्व्हिस_टी'मध्ये, म्हणजे कुंपणाबाहेरच चालतात. आपल्या यंत्रांवर 'पीएस -ईझेड' (चालू प्रोग्राम आणि त्यांची डोमेने दाखवणारी आज्ञा) करून पाहा.

भोसरीकर:
पाहिले. ६ पैकी ४ यंत्रांवर आमचाच तापमान मोजणारा डीमन तसाच मोकळा चालतो आहे, तोही रूट म्हणून. त्याचे डोमेन लिहायला आज बसतो. विकासासाठी तेवढेच डोमेन पर्मिसिव्ह ठेवीन, पंधरा दिवस, आणि कॅलेंडरमध्ये तारीख टाकून.