जग बुडतंय आणि नायक साइड क्वेस्टवर: फँटसी आरपीजीतली खोटी तातडी हवी की नको?

(ही एक चर्चा आहे; प्रत्येक भागावर लिहिणाऱ्याचं टोपणनाव दिलं आहे.)

कंदील

फँटसी आरपीजीतल्या (रोल-प्लेइंग गेम, म्हणजे एक पात्र होऊन कथा खेळायचे गेम) घासून गुळगुळीत झालेल्या कथाप्रकारांचा विषय निघाला की बोल दोघांनाच लागतात: भविष्यवाणीने निवडलेला नायक आणि स्मृती गेलेला नायक. माझ्या मते या दोघांहून जास्त नुकसान खोटी तातडी करते. मेन क्वेस्ट (मुख्य कथेची मोहीम) जीव तोडून सांगतो की आत्ता निघ, उशीर झाला तर सगळं संपलं. तुम्ही चाळीस तास साइड क्वेस्ट (आडवाटेची कामं) करत भलतीकडे फिरून येता आणि कुणाच्या केसालाही धक्का लागलेला नसतो.

'स्कायरिम' (२०११) बघा. हेल्गन गाव ड्रॅगनने जाळलेलं असतं आणि व्हाइटरन शहराच्या यार्लला (सरदाराला) ताबडतोब खबर द्यायची असते. ती दिलीच नाही तर? पश्चिमेच्या टेहळणी बुरुजापाशी ड्रॅगनशी पहिली लढाई होईपर्यंत मोकळ्या रानात ड्रॅगन फिरकतच नाहीत. खबर दाबून ठेवणाऱ्याचं जग सुरक्षित आणि कर्तव्य करणाऱ्याच्या डोक्यावर ड्रॅगन! कथा एक सांगते, नियम बरोबर उलटं शिकवतात.

'ऑब्लिव्हियन'मध्ये (२००६) दुसरी तऱ्हा. क्वाच शहर तुम्ही कधीही जा, जळतच असतं. पण शत्रू तुमच्या लेव्हलवर (पात्राच्या ताकदीच्या पायरीवर) ठरतात. लवकर गेलात तर स्कॅम्पसारखे किरकोळ डेड्रा (राक्षस) भेटतात, बरीच लेव्हल चढवून गेलात तर दणकट डेड्रॉथ. म्हणून जाणकार सांगतात, क्वाच आधी उरकून टाका. उशिराची शिक्षा आहे, पण ती कथेतून आलेली नाही, लेव्हल स्केलिंगच्या हिशेबातून आली आहे. नवख्याला फक्त लढाई जड झालेली दिसते, का ते कळत नाही.

उपाय २००२ सालीच सापडला होता. 'मोरोविंड'मध्ये बालमोरा गावी जाऊन कायस कोसाडेस या गुप्तहेरप्रमुखाच्या हातात सोबत दिलेलं पाकीट ठेवलं की तो सांगतो, तू अजून कच्चा आहेस, एखाद्या गिल्डमध्ये (व्यवसायसंघात) शीर, हात बसू दे, मग ये. वर कारणही देतो: गुप्तहेराला दाखवायला काहीतरी उद्योग लागतोच. एका संवादात साऱ्या साइड क्वेस्टना कथेतच जागा मिळाली. ओपन वर्ल्ड (हवं तिथे फिरता येणारं जग) असेल तर निदान पहिली अर्धी कथा अशीच हवी, असं माझं ठाम मत आहे.

तळटीप

साफ असहमत. तातडी काढली तर फिरण्यातली ओढही जाते.

'विचर ३' (२०१५) घ्या. नायक गेराल्टच्या मानसकन्येच्या, सिरीच्या मागे वाइल्ड हंट ही भयाण स्वारांची टोळी लागलेली, गेराल्ट सिरीला शोधतोय, आणि वाटेत आपण राक्षसांची कंत्राटं घेतोय. तुमच्या हिशेबाने ही खोटी तातडी. पण तो शोध मनात नसता तर व्हेलेन प्रांतातलं प्रत्येक गाव नुसतं कामांची यादी झालं असतं. शोध डोक्यात असतो म्हणून उजाड गावातल्या माणसाशी बोलताना वाटतं की यालाही तिची काही खबर असेल. त्या काळजीने सगळ्या प्रसंगांना एक रंग चढतो. तिचं काम तेवढंच आहे, घड्याळ चालवणं हे तिचं काम नाहीच.

आणि तिथे साइड क्वेस्ट वाया जात नाहीत. लेथो या दुसऱ्या विचरला (राक्षसशिकाऱ्याला) गाठून त्याचं प्रकरण नीट निस्तरलं, चेटकीण केइरा मेट्झला योग्य शब्दांत समजावलं, तर दोघं केअर मोऱ्हेन गढीच्या लढाईला उभे राहतात. आइल ऑफ मिस्ट्स या बेटाला निघण्याआधी गेम इशारा देतो, कारण पुढे गेल्यावर काही क्वेस्ट कायमचे बंद होतात. म्हणजे तुम्ही 'वेळ घालवला' म्हणता ती खरी लढाईची तयारी होती. ही जोडणी जमली असेल तर तातडी खोटी कशी?

मोरोविंडच्या त्या संवादाची किंमतही सांगा की. कायसने मोकळं सोडल्यावर मेन क्वेस्टचा धागा हातातून सुटतो तो सुटतोच. गिल्डच्या कामांत बुडालेल्या माणसाला त्याच्याकडे परत ओढून नेणारं कथेत काहीच नाही.

रानवाट

केअर मोऱ्हेनचं उदाहरण चांगलं आहे, पण एक बघा: ती जोडणी खेळाडूला आधी माहीतच नसते. लेथोचा क्वेस्ट घेताना कुठे कळतं की याचा पुढे उपयोग आहे? सिरीची काळजी मनावर घेऊन जो सरळ पुढे जातो त्याला साथीदार कमी मिळतात. कथेवर विश्वास ठेवणाऱ्याचंच नुकसान, हा कंदील यांचा मुद्दा इथेही लागू होतोच.

याचं सगळ्यात ठळक रूप 'बाल्डर्स गेट ३'मध्ये (२०२३) दिसतं. डोक्यात अळी शिरलेली, काही दिवसांत तुमचा माइंड फ्लेअर (मेंदू खाणारा राक्षस) होणार, साथीदार लेझेल घाई करतेय. साहजिकच खेळाडू लाँग रेस्ट (रात्रभराचा मुक्काम) टाळतो. त्यात लाँग रेस्टला साधारण पातळीवर ४० आणि टॅक्टिशियन या अवघड पातळीवर ८० कॅम्प सप्लाइज (तळावरचा शिधा) लागतात, म्हणून त्याला वाटतं झोप म्हणजे उधळपट्टी. प्रत्यक्षात खाण्याचं सामान पोत्याने मिळतं आणि अळीला घड्याळच नाही; ती का थोपली आहे याचा खुलासा कथा नंतर करते. पण साथीदारांचे बरेचसे महत्त्वाचे प्रसंग लाँग रेस्टलाच उलगडतात. ते रांगेत उभे असतात आणि रात्र आली की पुढे सरकतात. झोपलाच नाहीत तर रांग तुंबते, आणि अंक बदलला की त्यातले काही प्रसंग कायमचे हुकतात. ज्याने गेमचं ऐकलं त्याला गेमचा सर्वोत्तम भाग कमी दिसला.

गोंधळात भर म्हणजे त्याच गेममध्ये खरी तातडीही आहे. वॉकीन्स रेस्ट या सराईच्या आगीजवळ पोचलात आणि तिथून जाऊन लाँग रेस्ट घेतलात तर आत अडकलेली माणसं वाचत नाहीत. ग्रिमफोर्जमध्ये दरडीमागे अडकलेला नीअर, तुम्ही पुन्हा पुन्हा झोपत राहिलात तर विषारी वायूने मरतो. दोन्हीकडे सूर तोच, 'लवकर करा'. अळीच्या बाबतीत खोटा, आगीच्या बाबतीत खरा. खेळाडूने ओळखायचं कशावरून?

निशाचर

मग सगळीकडे खरंच घड्याळ लावा. अर्धवट उपाय कशाला?

'पाथफाइंडर: किंगमेकर'ने (२०१८) ते केलं. स्टॅग लॉर्ड या डाकू सरदाराला संपवायला ९० दिवस. विश्रांतीला रेशन लागतं, रेशन नसेल तर शिकारीत तास जातात. पाठीवर ओझं जास्त झालं की नकाशावरची चाल मंदावते. त्यामुळे लुटीतलं प्रत्येक चिलखत उचलायचं की नाही हासुद्धा कथेतला निर्णय होतो. असा ताण दुसऱ्या कुठल्याही मार्गाने येत नाही.

'मजोराज मास्क' (२०००) काटेकोर अर्थाने आरपीजी नाही, पण या विषयात त्याला वगळता येणार नाही. तीन दिवसांत चंद्र कोसळणार, आणि खरंच कोसळतो. गाणं वाजवून पहिल्या पहाटे परतता येतं, पण हातातले पैसे, बाण, बाँब जातात. बँकेत ठेवलेले पैसे आणि महत्त्वाच्या वस्तू तेवढ्या राहतात. तुम्ही मदत केलेली माणसं पुन्हा तिथेच, त्याच अडचणीत उभी. संपूर्ण गाव वेळापत्रकावर चालतं आणि कोण किती वाजता कुठे असतं हे वहीत नोंदलं जातं. इथे साइड क्वेस्ट आणि प्रलय एकमेकांना खोटं पाडत नाहीत, कारण दोघांचं घड्याळ एकच आहे.

तळटीप

किंगमेकरच्या ९० दिवसांची दुसरी बाजूही मांडा. नवख्याला दिवसांचा अंदाज नसतो. तो प्रत्येक लढाईनंतर तळ ठोकतो, ओझं घेऊन रांगत चालतो, आणि चूक झाली हे कळेपर्यंत मागचे सगळे सेव्ह (जतन केलेले टप्पे) त्याच मार्गावरचे असतात. मुदत चुकली की गेम ओव्हर. मग माणूस मार्गदर्शक उघडून वाचायला लागतो की कुठे किती दिवस द्यायचे. ज्या क्षणी खेळाडू कथा सोडून तक्ता बघतो त्या क्षणी तातडी मेली! मजोराचा डोलारा उभा राहतो कारण त्याचं जग आटोपशीर आहे आणि चक्र पुन्हा सुरू करता येतं. साठ-सत्तर तासांच्या मोठ्या आरपीजीला ते झेपणारं नाही.

दुसरासेव्ह

दोन्ही टोकं सोडा. आपण स्वतः मॉड (असलेल्या गेमला घातलेली भर) किंवा छोटा आरपीजी लिहीत असू तर हे बसवायचं कसं, ते बघू.

घड्याळ मिनिटांवर चालवू नका, घटनांवर चालवा. एक व्हेरिएबल (बदलता आकडा) ठेवा, समजा 'संकट', किंमत ० ते ६. तो फक्त तीन ठिकाणी वाढवा: लाँग रेस्ट, एका प्रदेशातून दुसऱ्यात जाणं आणि मेन क्वेस्टचा टप्पा. संवाद वाचताना किंवा सामान लावताना तो हलता कामा नये, नाहीतर लोक वाचणंच सोडतात. लिहिणाऱ्याच्या दृष्टीने याहून वाईट काही नाही.

२ वर पहिली खूण दाखवा, ४ वर दुसरी. खूण जगात दिसली पाहिजे: बाजारातला एक व्यापारी नाहीसा होतो, वेशीवर पहारा दुप्पट होतो. जर्नलमधली (गेममधल्या नोंदवहीतली) ओळ पुरत नाही, जर्नल सगळे वाचत नाहीत. ६ झाल्यावर गेम ओव्हर करू नका, बदललेली परिस्थिती लिहा. गाव पडलं, पण क्वेस्ट देणारी बाई निर्वासितांच्या तळावर भेटते आणि आता तिचं मागणं वेगळं आहे.

घोडं अडतं ते खर्चावर. पाच क्वेस्ट आणि प्रत्येकाच्या दोन अवस्था म्हणजे ३२ जोड्या. सगळ्या जोड्यांना संवाद लिहायला बसलात तर प्रकल्प तिथेच गाडला जाईल. म्हणून पाचांतले दोनच घड्याळाला बांधा, उरलेले तीन स्वतंत्र ठेवा. आणि संकट वाढवण्याच्या अगदी आधी वेगळा ऑटोसेव्ह घ्या, जो पुढच्या ऑटोसेव्हने पुसला जाणार नाही. किंगमेकरबद्दलची तळटीप यांची तक्रार एवढ्याने बरीच हलकी होते.

घड्याळ उशिरा सुरू करण्याचा उत्तम नमुना 'मास इफेक्ट २'मध्ये (२०१०) आहे. विज्ञानकथा आहे, पण तंत्र तेच. आधी मनसोक्त फिरा. जहाजावरची माणसं पळवली गेली की मात्र हिशेब सुरू. लगेच त्यांच्या मागावर गेलात तर ती वाचतात. एक ते तीन मोहिमा करून गेलात तर निम्मी जातात. त्याहून जास्त केल्यात तर डॉक्टर चॅकवास सोडून कुणी उरत नाही.

अर्धविराम

तातडीवर एवढा खल चालला आहे, पण मूळ दुखणं निवडलेला नायकच आहे. तातडी खोटी ठरते कशामुळे? जग फक्त तुम्हीच वाचवू शकता असं आधीच ठरवून टाकल्यामुळे. नायक एकमेव असला की त्याच्या वाटेकडे डोळे लावून सगळ्यांना थांबावंच लागतं. मग सैन्य हातावर हात धरून बसतं, राजा सिंहासनावरून हलत नाही, खलनायकही तुमची लेव्हल होईपर्यंत कळ काढतो. एनपीसींना (गेम स्वतः चालवतो त्या पात्रांना) स्वतःचं काम द्या, दुसरी एखादी टोळी मोहिमेवर पाठवा, तुम्ही नाही गेलात तर ती जाऊन हरेल किंवा अर्धवट जिंकेल. तातडी आपोआप खरी होईल.

स्मृतिभ्रंशाला मात्र उगाच झोडपलं जातं. 'प्लेनस्केप: टॉर्मेंट'मध्ये (१९९९) नायक शवागारात जागा होतो, पाठीवर गोंदलेलं मॉर्ट हा साथीदार वाचून दाखवतो, आणि विझ्डम (शहाणपणाचा आकडा) जास्त असेल तर जुन्या आठवणी जास्त परत येतात. विसरणं तिथे कथेचं निमित्त न राहता कॅरेक्टर शीटवर (पात्राच्या गुणांच्या तक्त्यावर) उतरलं आहे. आकड्यांशी जोडलेला ट्रोप (ठरीव कथाप्रकार) जुना वाटत नाही.

कंदील

अर्धविराम, निवडलेला नायक लिहिताही येतो. मोरोविंडमध्ये तुम्ही नेरेव्हरीन (भविष्यवाणीतला नायक) आहात हे कुणी ताटात वाढून देत नाही. इन्कार्नेटच्या गुहेत तुमच्याआधी प्रयत्न करून मेलेल्यांची भुतं भेटतात आणि ती बोलतात. भविष्यवाणी ही पूर्ण करून दाखवायची जागा आहे, तुमच्या आधी काहींना ती पेलली नाही. आणि महत्त्वाचं पात्र तुम्ही मारलंत तर गेम सांगतो की भविष्यवाणीचा धागा तुटला, आणि तरी खेळू देतो. इतकंच काय, याग्रम बगार्न या कारागिराकडून रेथगार्ड हा जादूचा हातमोजा घडवून घेऊन आडवाटेने शेवट गाठता येतो. तिथे एकमेव असणंसुद्धा पक्कं नाही.

दुसरासेव्ह यांची पद्धत मला मान्य आहे. फक्त पहिली खूण २ वर न देता १ वर द्या, आणि ती खेळाडू हमखास जातो त्या जागी, म्हणजे दुकानात किंवा तळावर. खूण हुकली की पुढची अचानक शिक्षा वाटते.

तळटीप

पद्धत मलाही चालेल, पण मी 'विचर ३'ची बाजू सोडत नाही. सिरीच्या शोधाला असं ० ते ६ लावलं असतं तर व्हेलेनमधला ब्लडी बॅरनचा क्वेस्ट निम्म्या लोकांनी घाईघाईत उरकला असता. त्याच्या बायको-मुलीचा माग काढायला, मधेच थांबायला, त्याचं बोलणं ऐकून घ्यायला सवड लागते. काळजी वाटायला लावणं आणि वेळ मोजणं ही लेखकाची दोन वेगळी हत्यारं आहेत, आणि तिथे पहिलंच पुरेसं होतं.

रानवाट

मग निदान खेळाडूला कुठलं हत्यार चालू आहे हे कळू द्या. क्वेस्ट लॉगमध्ये ज्याची मुदत खरी आहे त्यापुढे एक खूण, बाकीच्यांपुढे काही नाही. वॉकीन्स रेस्टच्या आगीपुढे ती असती आणि अळीपुढे नसती, तर लोक निवांत झोपले असते आणि कॅम्पमधले प्रसंगही कमी हुकले असते.

निशाचर

खूण आली की कथेतली भीती गेली. अळी काही करणार नाही हे लॉगच सांगणार असेल तर पहिला अंक घाबरून खेळायचं कारणच उरत नाही. त्यापेक्षा दुसऱ्या-तिसऱ्या रात्रीच एखाद्या साथीदाराच्या तोंडी घाला: 'एव्हाना लक्षणं दिसायला हवी होती, काहीतरी वेगळं घडतंय.' हे वाक्य भीती टिकवतं, कुतूहल वाढवतं, आणि झोपायला हरकत नाही हेही सांगून जातं. फक्त ते चुकवता येणार नाही असं ठेवा, संवादाच्या पर्यायांत पुरलेलं नको.