बुधवारचं अंडं

सोसायटी सेक्रेटरी (ग्रुपवर): मेंटेनन्स १० तारखेच्या आत भरावा. उद्या पाण्याची पाळी आहे, टाकी भरेपर्यंत कुणी गाड्या धुऊ नयेत.

ए-२०३ ताई: काका, एक विषय होता. आपल्याकडं भांड्याला येणाऱ्या मावशींचा धाकटा सोलापूर मनपाच्या तेलुगू शाळेत चौथीला आहे. शाळेनं पालकांना सांगितलंय, पोरांच्या दुपारच्या जेवणातल्या अंड्यासाठी कुणी देणगीदार असेल तर बघा.

बी-१०१: अंड्याला देणगी? सरकार देत होतं की ओ.

ए-२०३ ताई: देत होतं. नोव्हेंबर २०२३ पासून आठवड्यातून एकदा, त्या शाळेत बुधवारी, न खाणाऱ्याला केळं. जानेवारी २०२५ च्या जीआरनं त्याचे पैसे बंद केले. द्यायचंच असेल तर लोकसहभागातून द्या, असं त्यात आहे.

सी-४०२: सगळे पैसे लाडक्या बहिणीला गेले. भोगा आता.

बी-३०४ बँकवाले काका: थांबा. अंड्याचा खर्च वर्षाला ५० कोटी. लाडक्या बहिणीची २०२५-२६ ची तरतूद ३६,००० कोटी. म्हणजे १०० रुपयांत १४ पैसे. एवढ्यानं कुठली तिजोरी सावरणार?

सी-४०२: मग कापलं कशाला?

बी-३०४ बँकवाले काका: कापता आलं म्हणून. पगार, पेन्शन, कर्जाचं व्याज, याला हात लावता येत नाही. मतांची योजना तर सोडाच. राहते ती चिल्लर. चौथीतली पोरं काय चार हुतात्मा चौकात मोर्चा काढणार आहेत? सामाजिक न्याय खात्याचे ४१० कोटी लाडक्या बहिणीकडं वळवले, तेव्हा निदान त्या खात्याचे मंत्री शिरसाट उघड चिडले तरी. शाळेतल्या अंड्यासाठी कोण चिडणार?

ए-१०२ बाई: मी चिडते. मुख्याध्यापक होते, माहीत आहे ना सगळ्यांना. पहिली ते पाचवीच्या एका पोराच्या एका जेवणाला सरकार किती देतं सांगू? ६ रुपये ७८ पैसे. तांदूळ वेगळा येतो, पण डाळ, तेल, भाजी, गॅस यातच. आणि स्वयंपाक करणाऱ्या बाईला महिन्याला २,५०० रुपये. तुम्ही एका वेळी हॉटेलात तेवढं बिल करता.

बी-१०१: बाई, शाळेला वेगळं अनुदान असतं ना?

ए-१०२ बाई: असतं की. पट १०१ ते २५० असेल तर वर्षाला ५०,०००. त्यात वीजबिल, खडू, रजिस्टरं, नळाची दुरुस्ती, आणि दहा टक्के स्वच्छतेला. ते पण कधी फेब्रुवारीत, कधी मार्चमध्ये यायचं. आणि ३१ मार्चच्या आत खर्च दाखवा! जूनपासून तोवर शाळा काय उधारीवर चालवायची? मी चालवलीय. कोपऱ्यावरच्या स्टेशनरीवाल्याचे उपकार आहेत माझ्यावर.

ए-४०१: आमच्या ट्रस्टच्या इंग्लिश शाळेचं पण तेच. आरटीईतून फुकट प्रवेश मिळालेल्या एका पोरामागं सरकारनं १७,६७० रुपये द्यायचं कबूल आहे. कबूल आहे एवढंच.

सी-४०२: मी बहिणींच्या विरोधात नाही ओ. पण दीड हजार वाटायचे आणि तिच्याच पोराच्या ताटातलं काढायचं, हा कसला हिशोब?

ए-२०३ ताई: मावशींना मी विचारलं. त्या म्हणाल्या, विड्यांचं काम आता पहिल्यासारखं मिळत नाही. दीड हजारात ट्यूशनचे पाचशे आणि बचत गटाचा हप्ता जातो. ‘पैसे बी पाहिजेत, अंडं बी पाहिजे. दोन्हीतलं एक निवडा म्हणून आम्हाला कुणी विचारलं का?’

सी-४०२: खरंय.

सी-१०४: घरपट्टीत आपण शिक्षण कर भरतो. तो कुठं जातो मग?

बी-३०४ बँकवाले काका: तो १९६२ च्या कायद्याचा, राज्याचा कर आहे. मनपा नुसती गोळा करून वर पाठवते.

ए-२०३ ताई: दीडशे पोरं आहेत. अंडं सात रुपयांनी धरलं तर आठवड्याला १,०५०. आपले ४२ फ्लॅट, घरटी २५ रुपये. एका चहा-भज्यांचे पैसे.

बी-२०२: आमच्या पैशाचं अंडं नको. केळी द्या, लगेच पाठवतो.

ए-२०३ ताई: तुमची केळी, वहिनी. केळी खाणारी पण पोरं आहेत.

सेक्रेटरी: सोसायटीच्या खात्यातून देता येणार नाही, ऑडिटर धरतील. ज्यांना इच्छा आहे त्यांनी ताईंना परस्पर पाठवा.

बी-३०४ बँकवाले काका: मी देतो. पण एक सांगतो. आपण दिलं की वर अहवाल जाणार, ‘लोकसहभाग उत्तम’. मग ते ५० कोटी परत कशाला ठेवतील?

ए-१०२ बाई: म्हणून नुसते पैसे द्यायचे नाहीत. सोबत पत्र द्यायचं. ‘शासनाने निधी बंद केल्यामुळे आम्ही अमुक इतक्या आठवड्यांपुरतं देत आहोत, निधी पूर्ववत करावा.’ एक प्रत शाळेत, एक शिक्षण मंडळात, एक आमदारांना. पोच घेतल्याशिवाय मी तिथून हलत नसते. मसुदा रात्री टाकते, शुद्धलेखन कुणी सुधारायचं नाही.

सी-४०२: बाई, सहीला मी येतो. २५ पाठवले. २५ आणि, मुलाच्या नावाचे.

सेक्रेटरी: आतापर्यंत अकरा घरं. बी विंगची मोटर कुणी चालू ठेवलीय? टाकी वाहायलीय.