शब्दचर्चा: ‘संक्रमण संभाव्यता’ आणि अणूचं ‘आयुष्य’

कोथरूडकर: शाळेतल्या मुलांसाठी ताऱ्यांच्या वर्णपटावर लेख लिहितोय. ‘संक्रमण संभाव्यता’ या शब्दापाशी अडलो, म्हणजे अणू वरच्या ऊर्जा-पातळीवरून खालच्या पातळीवर उतरून प्रकाश सोडण्याची शक्यता. संभाव्यता 0 ते 1 मध्ये असते, मग तक्त्यांत कोट्यवधींचे आकडे कसे? शिवाय अणूच्या ‘आयुष्या’ला (वरच्या पातळीवर तो सरासरी टिकतो त्या काळाला) ‘अर्धायुष्य’ म्हटलं तर चालेल का?

औंधवाली: अर्धायुष्य नको हो दादा, फार फरक पडतो. आधी संभाव्यतेचं बघू. ती ‘दर सेकंदाला’ असते, आइन्स्टाइनने 1916 मध्ये मांडलेला ‘ए’ गुणांक तो हाच. ‘दर सेकंदाला’ गाळलं की शब्द फसवतो. मी तरी ‘संक्रमण दर’ लिहीन.

आता प्रयोगशाळेत तो काढतात कसा? लेझरच्या झोताने अणू वरच्या पातळीवर चढवायचे आणि त्यांची चमक कशी विझत जाते ते नॅनोसेकंदांत मोजायचं. त्यातून सरासरी आयुष्य मिळतं. पण खाली उतरायच्या वाटा अनेक असतात, आणि प्रत्येक वाटेची वर्णपटात वेगळी रेषा दिसते. कुठल्या वाटेने किती अणू उतरतात, हे वर्णपटातल्या रेषांच्या तीव्रता ताडून ठरवतात. समजा आयुष्य 10 नॅनोसेकंद आणि एका रेषेच्या वाट्याला 70 टक्के अणू, तर एकूण दर 1 भागिले आयुष्य, म्हणजे सेकंदाला 10 कोटी, आणि त्या रेषेचा 7 कोटी.

कोथरूडकर: आणि चुकून अर्धायुष्य घातलं तर?

औंधवाली: अर्धायुष्य म्हणजे निम्मे अणू उतरायला लागणारा काळ, सरासरी आयुष्याच्या 0.693 पट. त्यामुळे दर 44 टक्क्यांनी फुगेल. मग तो वापरून ताऱ्यातलं लोह एखाद्या क्षीण रेषेवरून मोजलंत, तर ते सुमारे 31 टक्के कमी भरेल, कारण दर जास्त धरला की तेवढ्याच रेषेला कमी अणू पुरेसे वाटतात. म्हणून एवढा आग्रह.

नारायणगावकर: ताईंशी सहमत. आमच्या जवळच्या खोडदच्या रेडिओ दुर्बिणी हायड्रोजनची 21 सेंटिमीटरची रेषा टिपतात. तिच्या वरच्या पातळीचं आयुष्य सुमारे 1 कोटी 10 लाख वर्षं! इतक्या सावकाश घडणारी गोष्टही दिसते, कारण आकाशगंगेत हायड्रोजन अफाट आहे. याउलट त्याच हायड्रोजनच्या ‘2पी’ नावाच्या दुसऱ्या एका वरच्या पातळीचं आयुष्य जेमतेम 1.6 नॅनोसेकंद.

‘संक्रमण’ मात्र राहू द्या. मुलांना साथीचा रोग आठवेल हे खरं, पण मकरसंक्रमणही त्यांना माहीत असतं. बदलायचाच तर शीर्षकातला ‘अणूचं’ हा शब्द बदला. अणू कुठे संपतो? तो खालच्या पातळीवर उतरून शाबूत राहतो. आयुष्य असतं ते पातळीचं.

कोथरूडकर: पटलं. लेखात ‘पातळीचं सरासरी आयुष्य’ आणि ‘संक्रमण दर (दर सेकंदाला)’ असंच लिहितो.