मदत हवी आहे: ४ तासांच्या सेशनची तयारी नेमकी किती करायची?

नमस्कार मंडळी, नागपुरात धरमपेठेत दर रविवारी डंजन्स अँड ड्रॅगन्स हा टेबलाभोवती बसून, फासे टाकत, पात्रं रंगवत खेळायचा कथाखेळ चालवते, पाचवी आवृत्ती (२०१४ चे नियम). ५ खेळाडू, सगळे लेव्हल ३. कथा रामटेकची टेकडी आणि अंबाळा तलाव यांच्या आसपास बेतली आहे.

अडचण लढाईची. १ ओगर (धिप्पाड राक्षस, ४५० एक्सपी म्हणजे अनुभवाचे गुण) आणि ६ गॉब्लिन (छोटे राक्षस, प्रत्येकी ५०) म्हणजे ७५०. शत्रू ७ म्हणून नियमाप्रमाणे गुणिले २.५, म्हणजे १८७५. या गटासाठी 'हार्ड' (कठीण) लढाईची मर्यादा ११२५, 'डेडली'ची (जीवघेणी) २०००. कागदावर बसतं, पण टेबलावर दीड तास खातं. सगळ्या गॉब्लिनना एकच इनिशिएटिव्ह (पाळीचा क्रम) आणि डॅमेजला फासे न टाकता सरासरी ५, एवढं केलंय. अजून काय कापता येईल? ओगरचे ५९ हिट पॉइंट (मार सोसायची ताकद) कमी करणं मला पटत नाही, त्याची भीतीच जाते.

दुसरं म्हणजे तपास. एकच धागा (सुगावा) ठेवला आणि तो फाशावर अडकला की खेळ तिथंच थांबतो, म्हणून प्रत्येक निष्कर्षाला ३ धागे ठेवते. पण खेळाडू तलाव सोडून थेट गडावर गेले, तर तलावाकडचे धागे तिकडे सरकवावेत की परिणाम भोगू द्यावेत? ज्यांनी दोन्ही पद्धतींनी चालवलंय त्यांनी कृपया सविस्तर सांगा, तयारीच्या वहीत काय लिहिता तेसुद्धा.