ऑल-माउंटन (सगळ्या प्रकारच्या बर्फावर चालणाऱ्या) स्की बदलायच्या आहेत: कंबर ८८ मिमीवरून ९६ की थेट १०२?

डेन्व्हरकर
नमस्कार मंडळी. या हंगामात स्कीची नवी जोडी घ्यायची आहे आणि चाचण्यांची वर्णनं वाचून डोक्याचं दही झालंय. उंची १७६ सेमी, वजन ८० किलो, वय ५० पूर्ण. हंगामात २५-३० दिवस. बहुतेक कोलोरॅडोतल्या विंटर पार्कची मेरी जेन बाजू आणि कॉपर, कधीमधी अरापाहो बेसिन. ब्लॅक आणि डबल ब्लॅक (अवघड आणि सर्वांत अवघड) उतार नेहमीचे, मोगल (उतारावरचे बर्फाचे उंचवटे) आवडीचे, झाडीतही जातो.

सध्याची जोडी ८८ मिमी कमरेची (मधली, सर्वांत अरुंद रुंदी), १७२ सेमी लांब, आत टायटॅनल धातूचे दोन पत्रे, दीडशेक दिवस वापरलेली. तक्रारी दोन. बर्फ कडक असला की एज (स्कीची स्टीलची कड) धरत नाही, आणि वीतभर ताजा बर्फ पडला की स्कीची नाकं बुडतात. बूट १२० फ्लेक्सचे (म्हणजे बरेच ताठ), ग्रिपवॉक तळाचे (चालायला सोपा, किंचित वळलेला तळ), तळाची लांबी ३०७ मिमी.

विचारायचं ते असं: कंबर किती घ्यावी? धातू हवा का? लांबी १७२ च ठेवू का? आणि जुनी बाइंडिंग (बूट स्कीला धरून ठेवणारा भाग) काढून नव्या स्कीवर बसवता येईल का? फेब्रुवारीत गुलमर्गलाही जायचं घाटतंय, तेही धरून सांगा.

कडेलोट
तुमच्या दोन तक्रारींची औषधं एकमेकांच्या उलट आहेत, हे आधी लक्षात घ्या. रुंदी वाढवली की नाक वर राहील, पण कडक बर्फावरची पकड आणखी कमी होईल. म्हणून दोन्ही वेगवेगळ्या तपासा.

पहिली तक्रार मला स्कीची वाटतच नाही. ८८ कंबर आणि धातूचे दोन पत्रे असलेली स्की कडक उतारावर चिकटून चालायला हवी. ती निसटत असेल तर संशय ट्यूनवर, म्हणजे एज आणि बेस घासण्याच्या कामावर घ्या. दर वेळी मशीनवर घालून एज घासून घेतली की बेसच्या (स्कीच्या खालच्या तळाच्या) बाजूचा कोन वाढत जातो. १ अंश असायला हवा तो दीड-दोन होतो, आणि मग स्की बरीच कलवल्याशिवाय एज बर्फाला लागतच नाही. बाजूची कड कितीही धारदार असली तरी उपयोग शून्य. हा कोन कानशीने कमी होत नाही. दगडावर अख्खा बेस खाली आणावा लागतो, आणि त्यात एजचं लोखंडही जातं. एजची जाडी मिलिमीटरभरच उरली असेल तर तो खर्च करू नका.

दुसरी तक्रार खरी आहे, पण ती कमरेपेक्षा लांबीची आणि नाकाच्या आकाराची जास्त आहे. ८० किलोला १७२ आखूड. जुन्या ८८ च्या स्कीला नाकाचा रॉकरही (टोकाकडचा वर वळलेला भाग) बहुधा नावापुरताच असेल. ९४ ते ९६ कंबर, नाकाला व्यवस्थित रॉकर आणि ५-७ सेमी जास्त लांबी एवढ्यावर वीतभर बर्फाचं भागतं. १०२ घेऊ नका. कोलोरॅडोत तुमच्या तीस दिवसांतले खऱ्या पावडरचे (ताज्या भुसभुशीत बर्फाचे) किती, ते मोजा. उरलेले दिवस कडक ग्रूमर (मशीनने दाबलेले उतार), वाऱ्याने थापलेला बर्फ आणि मोगल. रुंद स्कीवर एज बुटाच्या मध्यापासून लांब जाते, तिला कडक बर्फात दाबून धरायला घोटा आणि गुडघा दोन्ही जादा राबतात. दुपारपर्यंत पन्नाशीचे गुडघे हिशोब मागतात.

मेण_आणि_कानस
कडेलोट यांच्या ट्यूनच्या मुद्द्याशी सहमत. घरी तपासायची रीत सांगतो.

स्की उलटी धरा, बेसवर आडवी स्टीलची सरळ पट्टी उभ्या कडेवर ठेवा आणि मागून उजेड पाडा. पट्टीखालून मधोमध उजेड आला तर बेस खोलगट, म्हणजे एज वर राहिल्यात. अशी स्की अडखळते, वळताना झटका देते आणि सरळ जाताना भलतीकडे ओढते. मधे पट्टी टेकतेय आणि कडांपाशीच उजेड दिसतोय तर कोन जास्त, किंवा बेस फुगीर. कोन नेमका किती हे पाहायला एजच्या बेसकडच्या बाजूवर मार्करने काळं करा, १ अंशाच्या गाइडमध्ये (कानस ठरल्या कोनात धरणारा साचा) बारीक कानस धरून हलकेच एकदा ओढा. पूर्ण रुंदीचं काळं निघालं तर कोन १ च आहे. बेसला लागूनची रेघ तेवढी निघाली आणि बाहेरच्या कडेचं काळं तसंच राहिलं तर कोन वाढलाय. हे नाकापाशी, बुटाखाली आणि शेपटीपाशी अशा तीन ठिकाणी करा, कारण मशीन सगळीकडे सारखं घासत नाही.

आता धातूबद्दल. टायटॅनल म्हणजे टायटॅनियम नव्हे, ॲल्युमिनियमचा मिश्रधातू. त्याचं मुख्य काम थरथर मारणं. वेगात, तुडवलेल्या बर्फावर स्की शांत राहते ती त्यामुळे. दोष वजनाचा आणि शेपटीच्या ताठपणाचा. एन्फोर्सरसारख्या (ही आणि पुढची नावं स्कीच्या मॉडेलांची) पूर्ण लांबीचे दोन पत्रे असलेल्या स्कीवर मोगलमध्ये जरा मागे बसलात की शेपटी तुम्हाला पुढच्या उंचवट्यावर भिरकावते. मांट्रामध्ये अख्ख्या पत्र्याऐवजी कडांलगत धातूची चौकट आहे, रस्लरमध्ये धातू पायाखाली जास्त आणि टोकांकडे कमी. क्यूएसटी ९८ मध्ये पूर्ण लांबीचा पत्राच नाही, ती मोगलमध्ये सोपी, पण घट्ट ग्रूमरवर जोरात सोडली की नाक फडफडतं. मेरी जेनला दिवस मोगलमध्येच जात असेल तर मी अर्धवट धातूवाली निवडेन. एका स्कीचं वजन १८०० ते २००० ग्रॅममध्ये राहील असं बघा. त्यावर गेलात तर झाडीत शेवटच्या तासाला कळेल.

कडेलोट
इथे माझं थोडं वेगळं मत. ८० किलो वजन आणि १२० चे बूट असलेल्या माणसाला दोन पत्रे जड नाहीत, तंत्र पुढे राहण्याचं असेल तर. मोगलमध्ये पत्र्यांपेक्षा शेपटीचा आकार जास्त छळतो. सपाट, रुंद शेपटी खाचेत अडकते. किंचित वर वळलेली, निमुळती शेपटी सुटते. दुकानात हाताने पाहा. स्की उभी धरून शेपटी जमिनीवर टेकवा, एका हाताने नाक धरा, दुसऱ्या हाताने मधे दाबा. मग उलटी करून तेच. नाकापेक्षा शेपटी खूपच ताठ लागली तर ती मोगलची स्की नव्हे. दोन्ही स्की बेसला बेस लावून धरा आणि त्या कुठे एकमेकींपासून दूर होतात ते बघा, रॉकर किती लांब आहे ते डोळ्यांनी दिसतं. नाकाचा रॉकर लांब असेल तर कडक बर्फावर टेकणारी एज छापील लांबीपेक्षा बरीच आखूड असते, म्हणून तर लांबी वाढवायला सांगतोय. छापील आकड्यावरही डोळे मिटून विश्वास नको. टेप सरळ ताणून मोजलं तर दोन कंपन्यांच्या '१८०' मध्ये दोन-तीन सेमीचा फरक निघतो.

दोन_काठ्या
बाइंडिंगचा प्रश्न सगळ्यांनी सोडला, तो मी घेतो. जुनी बाइंडिंग हलवू नका. कारणं सांगतो.

ब्रेक (बाइंडिंगचे दांडे, बूट सुटला की स्की थांबवणारे): तो कमरेपेक्षा थोडा रुंद, फार तर १५ मिमीने जास्त असावा. ८८ च्या स्कीवर बहुधा ९० किंवा ९५ चा ब्रेक असेल. तो ९६ वर एजला घासतो आणि पडल्यावर नीट उघडत नाही. वाकवून बसवणारे असतात, तुम्ही त्यातले होऊ नका.

तळ: तुमचे बूट ग्रिपवॉक. बाइंडिंगवर ग्रिपवॉकची खूण नसेल आणि ती फक्त जुन्या सपाट अल्पाइन तळासाठी असेल, तर पुढच्या बाजूच्या सरकपट्टीवर बूट नीट बसत नाही आणि सुटण्याचा आकडा (पडताना किती जोर आला की बूट सुटावा त्याचं सेटिंग) खोटा ठरतो. शिवाय अमेरिकेतली दुकानं कंपनीच्या चालू यादीत नसलेल्या बाइंडिंगला हात लावत नाहीत.

सेटिंग: हा सुटण्याचा आकडा दुकानातच लावून घ्या आणि वय ५० पूर्ण झाल्याचं आवर्जून सांगा. वजन-उंचीवरून आकडा काढायच्या तक्त्यात त्या वयाला एक ओळ वर, म्हणजे कमी आकड्याकडे जातात. शिवाय वजनाची ओळ आणि उंचीची ओळ वेगळी आली तर कमी आकड्याची धरतात. तुमच्या बाबतीत ८० किलो एका ओळीत आणि १७६ सेमी तिच्या वरच्या ओळीत पडतं, म्हणजे उंचीची ओळ लागू. ४ ते १३ पल्ल्याची बाइंडिंग घ्या, तुमचा आकडा पल्ल्याच्या मधे कुठेतरी पडेल. १८ ची मिरवायला घेऊ नका.

भोकं: धातूचे पत्रे असलेल्या स्कीला ४.१ मिमीचा ड्रिल, बिनधातूच्या बहुतेक स्कीला ३.६, खोली ९ मिमीच्या आसपास. नेमका आकडा स्कीवरच छापलेला असतो. धातूत ३.६ चं भोक पाडून, आटे न कापता स्क्रू रेटला तर वरचा पत्रा भोकाभोवती उचलला जातो, बाइंडिंग सपाट बसत नाही, आणि पुढे पाणी आत जाऊन लाकूड कुजतं. पिळायला पोझीड्राइव्ह ३ नंबरचा स्क्रूड्रायव्हर. साध्या फिलिप्सने डोकी झिजतात.

गुलमर्गबद्दल एवढंच: बूट सोबत न्या, स्की तिथे भाड्याने घ्या. गोंडोलाचा दुसरा टप्पा अफरवाट डोंगरावर सोडतो, तिथून खाली जवळपास सगळं न दाबलेलं, तेव्हा तिथे १०५ च्या पुढची रुंदी शोभते. वाटाड्या आणि हिमस्खलनाचा संच, म्हणजे ट्रान्सीव्हर (बर्फाखाली गाडलेल्याचा माग काढणारं यंत्र), फावडं, प्रोब (बर्फात खुपसून शोधायची काठी), हे सोडून वर जाऊ नका. त्या आठवड्यासाठी वर्षभराची जोडी रुंद घेणं म्हणजे लग्नाच्या पंगतीसाठी घरात कढई ठेवण्यासारखं.

डेन्व्हरकर
सगळ्यांचे आभार. मार्कर ओढून पाहिला. बुटाखाली बेसला लागून निम्मीच रुंदी निघाली, बाहेरचं काळं तसंच. एजही बरीच पातळ झालीय. आता ९४ ते ९६ पक्कं. एकीत १७२ आणि १७९, दुसरीत १७० आणि १७७ मिळतेय. मोगलसाठी आखूड घेऊ का?

कडेलोट
नको. १७९ किंवा १७७. आखूड घेतलीत तर नाक बुडण्याची तक्रार रुंदी वाढूनही थोडी उरेल. घेण्याआधी दोन्ही डेमो घ्या, म्हणजे भाड्याने वापरून पाहा. बरीच दुकानं ते भाडं खरेदीतून वजा करतात. एकाच उतारावर दोघी चालवा, आणि सकाळच्या मऊ ग्रूमरवर निकाल देऊ नका, दुपारी तुडवलेल्यावर द्या. डेमोची बाइंडिंग पुढेमागे सरकते: स्कीवर छापलेल्या खुणेवर एक फेरी, १ सेमी मागे एक. मागे घेतल्यावर मोगलमध्ये वळायला जड गेलं तर खूणच बरोबर.

मेण_आणि_कानस
जुनी जोडी फेकू नका. बाइंडिंग तिच्यावरच राहणार आहे, तर नोव्हेंबर-डिसेंबरात दगड वर असताना तीच घाला. आणि नवी जोडी हातात आली की ड्रिल लावायच्या आधी तीच पट्टी आणि तोच मार्कर तिच्यावर चालवा. कारखान्यातून खोलगट बेसच्या स्की येतात, आणि भोकं पाडल्यावर दुकान ती परत घेत नाही.