अनुभव धागा : बडोद्याचा पाऊस आणि आपली गाडी

पाऊस थांबून ऊन पडलं की आपण गाडी काढतो. बडोद्यात मात्र खरी काळजी तिथून पुढे. विश्वामित्री पावागडाकडून येते, वरून आजवा धरणाचं पाणी सोडलं जातं, म्हणून शहरात थेंबही नसताना नदी चढत राहते. ऑगस्ट २०२४ मध्ये हे आपण सगळ्यांनी पाहिलं. ज्यांच्या मुलांनी यंदा गाडी हातात घेतलीय त्यांच्यासाठी तरी आपापले अनुभव लिहा.

दांडियाबाजारवाली : ऑफिसला जाताना अलकापुरीचं गरनाळं (रेल्वेखालचा भुयारी रस्ता) लागतं. दुभाजकाचे काळे-पिवळे पट्टे पाण्याखाली गेले की मी सरळ मागे फिरते, पुलावरून वळसा पडला तरी चालेल. मागून हॉर्न वाजतात, ‘बेन, जवा दो ने’ चालू असतं. वाजू देत. पुढची उंच गाडी निघून गेली म्हणजे आपली छोटी गाडी जाईलच असं नाही, शिवाय तिने उठवलेली लाट आपल्याच बॉनेटवर येते.

वाडीतला गॅरेजवाला : हात जोडून सांगतो, पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा स्टार्ट करू नका. हवा दाबली जाते, पाणी नाही. सिलिंडरमध्ये पाणी असताना सेल मारला की कनेक्टिंग रॉडच वाकतो. पुरानंतर एका गाडीचं इंजिन खोललं, रॉड केळ्यासारखा वाकलेला. मालकाने गाडी सुरू होईल या आशेने चावी फिरवत ठेवली होती. गाडी ढकलून कोरड्यात आणा, बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा, एअर फिल्टर ओला आहे का बघा आणि टो करून आणा. साध्या विम्यात हे नुकसान सहसा बसत नाही, ‘इंजिन प्रोटेक्ट’ वेगळं घ्यावं लागतं. पावसाळ्याआधीच एजंटला विचारून ठेवा.

स्कूटरवर कॉलेज : पहिला पाऊस सगळ्यात वाईट. रस्त्यावरचं तेल आणि धूळ मिळून नुसता चिकट थर होतो. झेब्रा क्रॉसिंगचे पट्टे आणि गटाराची लोखंडी झाकणं यांच्यावर मी ना वळते, ना ब्रेक दाबते. सरळ पार करते.

नडियाद अप-डाऊन : एक्स्प्रेसवेवर साचलेल्या पाण्यात स्टिअरिंग अचानक हलकं झालं. टायर पाण्यावर तरंगत होते. एक्सलेटर हळूहळू सोडला, ब्रेकला पाय लावला नाही, चाक सरळ धरलं, आणि पकड परत आली. कायद्याने टायरची नक्षी झिजून १.६ मिलीमीटर खोल उरेपर्यंत चालते, पण मी ३ वर आली की टायर बदलतो. आणि चालत्या गाडीचे चारही इंडिकेटर लावू नका. तुम्ही कुठे वळणार ते मागच्याला कळतच नाही.

समा रोड : पूर ओसरल्यावर गाडीजवळ जाण्याआधी लांबूनच खाली वाकून बघा. आमच्या गल्लीत मगर निघाली होती. वनखात्याची माणसं येऊन घेऊन गेली.

धागाकर्ता : इलेक्ट्रिक स्कूटर पाण्यातून नेलेलं कुणी आहे का? चार्जिंगला लावायच्या आधी काय तपासलंत, तेही लिहा.